माशा मारणाऱ्यांना मासे काय कळणार!

मराठी भाषा तशी गुणाची. पण एका बाबतीत तिनं फार घोटाळा करून ठेवला आहे. ज्याला काही काम नाही अशा माणसाबद्दल ती म्हणते, 'बसलाय माशा मारत.' आणि जो पहाटे उठून, गांडुळं उकरून, काठीला दोर बांधून नदीवर जातो त्याच्याबद्दल म्हणते, 'बसलाय मासे मारत.' दोन्ही वेळेला आवाज तोच, नाक मुरडणं तेच. ऐकणाऱ्याला वाटावं की दोन्ही एकाच दर्जाचे उद्योग. वास्तविक माशी मारायला नुसतं वर्तमानपत्र पुरतं. मासा धरायला मात्र वर्तमानपत्र सोडून बाकी सगळं लागतं: डोळा लागतो, हात लागतो, नदीची ओळख लागते आणि ढुंगण एका जागी टेकवून बसण्याची ताकद लागते. शेवटची गोष्ट तर आता वधूवरांच्या जाहिरातीत घालावी इतकी दुर्मीळ झाली आहे.

हा घोटाळा मी इतकी वर्षं मुकाट्यानं सहन केला. पण गेल्या दिवाळीत मी माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याला गळ कसा टाकतात ते शिकवलं आणि त्यावरून आमच्या आखाडा बाळापुरात जो आखाडा भरला, त्यानंतर गप्प बसणं मला शक्य नाही. गावाच्या नावातच आखाडा असल्यामुळे आमच्याकडे कुठल्याही विषयावर कुस्ती लागायला वेळ लागत नाही. हिंगोली-नांदेड रस्त्यावर एसटी थांबली की उतरणारा बाळापूरकर आधी मत सांगतो आणि मग चहा सांगतो. अशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं खडू झिजवून निवृत्त झालेल्या मास्तरानं, ऐन दहावीच्या वर्षात, शहरातल्या पोराला गांडुळाच्या नादी लावलं म्हटल्यावर काय बोलायचं!

चहाच्या टपरीवर माझ्यावर चार आरोप ठेवण्यात आले. एक, पोराचा वेळ वाया घालवला. दोन, आपल्यात नसलेला धंदा शिकवला. तीन, मुक्या जिवाची हिंसा करायला लावली. चार, पाण्याशी खेळ केला. चारही आरोपांना मी उत्तर देणार आहे. त्यानंतर एक आरोप मीही करणार आहे. मास्तर असल्यामुळे मुद्देसूद बोलायची खोड आहे, ती चालवून घ्यावी.

आधी घडलं काय ते सांगतो. भाऊबीजेला बहीण नांदेडहून माहेरी आली, बरोबर भाचा. त्याच्या शिकवणीच्या क्लासनं दिवाळीची चार दिवस सुट्टी दिली होती आणि त्या चार दिवसांत सोडवायला म्हणून प्रश्नपत्रिकांचा असा गठ्ठा दिला होता की तो एसटीत वर टाकायला कंडक्टरची मदत घ्यावी लागली. पोरगं गुणी. उंचीनं माझ्यापेक्षा वीतभर जास्त, बोलणं वीतभर कमी. काही विचारलं की 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' या तीन पर्यायांपैकी एक उत्तर देतो. 'वरीलपैकी कोणतेही नाही' हा चौथा पर्याय तो नुसते खांदे उडवून देतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवलं आणि परसात नेलं. मोरीचं पाणी जिथं जातं तिथं केळीच्या बुडाशी ओल असते. खुरप्यानं दोन ढेकळं उलटली की गांडुळं मिळतात. भाच्यानं दोन पावलं मागं घेतली. 'मामा, हे पाकिटात मिळत नाही का?' मी म्हटलं, 'मिळतं. पाकिटाचं नाव केळ.' मग त्यानं नाक दाबून, दोन काड्यांचा चिमटा करून, पहिलं गांडूळ डब्यात टाकलं. पाचव्या गांडुळाला काड्या गेल्या, दहाव्याला नाक सुटलं. आमच्या शाळेत भागाकार शिकवायला मला याहून जास्त वेळ लागत असे.

सरंजाम म्हणाल तर बांबूची एक काठी, चारपाच वाव तंगूस, टोकाला गळ, गळाच्या वर शिशाची बारीक गोळी, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या वाळल्या धांड्याचा पेरभर तुकडा. गाठ मात्र पक्की हवी. भाच्यानं बांधलेली पहिली गाठ मी नुसती फुंकर घातल्यासारखी ओढली आणि सुटली. 'आमच्याकडे लेसला हीच बांधतात,' तो म्हणाला. बुटाची नाडी पळून जायचा प्रयत्न करत नाही, हा फरक त्याला समजावून दिला.

शेवाळ्याच्या बाजूला कयाधूचा डोह आहे, तिथं गेलो. काठावर आधीपासून एक म्हातारे भोईबाबा बसलेले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या काठीकडे पाहिलं आणि काही न बोलता आपला डबा जरा सरकवून जागा करून दिली. भाच्यानं गळ टाकला आणि घड्याळ पाहिलं. पहिल्या तासात त्यानं मला पाच प्रश्न विचारले. किती वेळ लागतो? सरासरी किती? इथं नाही मिळाला तर पुढची जागा कोणती? आधी किती जणांना मिळालाय? आणि पाचवा, 'मिळालाच नाही तर?' सहाव्या प्रश्नाच्या आधी बाबा म्हणाले, 'गप बस लेकरा. मासे आयकून राह्यले.'

गप्प बसला. मीही बसलो. पलीकडच्या रानात हळद उभी होती, कापूस वेचणाऱ्या बाया लांबून हाका देत होत्या, धीवर पक्षी दोनदा येऊन आपल्या वाट्याचं घेऊन गेला. आता हे ऐका. कारण टपरीवर मी हे सांगितलेलं नाही. पोराला समोर बसवून 'काय रे, कसं चाललंय तुझं?' असं विचारलं की ते गोगलगायीसारखं शिंपल्यात जातं. त्याला शेजारी बसवावं, दोघांनी पाण्याकडं बघावं आणि कुणी कुणाला काही विचारू नये. नऊ-सव्वानऊच्या सुमाराला, धांड्याच्या तुकड्यावरची नजर न काढता, भाचा म्हणाला, 'मामा, आमची टेस्ट शनिवारी असते. रँक रविवारी सकाळी बाबांच्या मोबाईलवर येतो.'

मी म्हटलं, 'बरं.'

'रविवारी घरी मटण असतं.'

'बरं.'

'वर्ष झालं. मला रविवारचं जेवण जात नाही.'

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर माझ्यातला मास्तर बोलला असता. थोड्या वेळानं म्हटलं, 'काठी जरा खाली धर.' त्यानं धरली.

दहाच्या पुढे तुकडा एकदा डुचकळला, दुसऱ्यांदा डुचकळला आणि तिसऱ्यांदा आडवा होऊन सरळ खाली गेला. 'आता,' बाबा म्हणाले. पोरानं काठी उचलली ती अशी, की मासा कयाधूतून निघून थेट मागच्या बाभळीत गेला. तळहाताएवढी चिलापी. ती बाभळीतून सोडवताना एकदा बाभळीचा काटा लागला आणि गळ काढताना माशाच्या पाठीचा. बोटातून रक्त आलं. 'लागू दे,' बाबा म्हणाले, 'आता चिलापी इसरणार न्हाईस.' भाचा बोट चोखत मासा न्याहाळत होता. एकदम ओरडला, 'मामा, ही लॅटरल लाइन!'

'काय?'

'पार्श्वरेषा! पाण्यातली हालचाल माशाला हिच्यानं कळते. मी धा वेळा आकृती काढलीय.' मग आवाज खाली आला. 'पण ही मधेच तुटलीय. पुढचा तुकडा वर आहे, मागचा खाली. आमच्या आकृतीत सलग आहे.' त्यानं मासा उलटा करून दुसरी बाजू पाहिली. तिकडंही तुटकीच. बाबा म्हणाले, 'चिलापीची तुटकीच असती. रोहूची सरळ जाती.' भाच्यानं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाला, 'सर, अजून कुणाची तुटकी असते?' बाबांनी आधी मागं वळून पाहिलं, मास्तर तर इथं बसलाय, मग सर कुणाला म्हणतोय म्हणून.

चिलापी घरी आणली. सौ.नं तिखटमीठ लावून तव्यावर टाकली, आणि जो पोरगा वर्षभर रविवारी जेवत नव्हता त्यानं काट्यांचा सांगाडासुद्धा ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवला. वार गुरुवार होता एवढंच. रात्री दाजींचा नांदेडहून फोन. 'काय मास्तर, पोराला भोई करून राह्यलात का?' मी त्यांना तुटक्या रेषेची गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, 'पेपरात अशी काढू नको म्हणावं त्याला. मार्क जातील.'

हे वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. दाजी वाईट नाहीत. पोरासाठी कर्ज काढणारे, पहाटे पाचला उठून त्याला दूध गरम करून देणारे बाप आहेत. पण डोळ्यानं पाहिलेला मासा खोटा आणि पुस्तकातला खरा, हे ज्या दिवशी आपण पोरांना पटवलं, त्या दिवशी आपण नक्की काय शिकवलं, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. म्हणून आता आरोपांकडे वळतो.

पाण्याचा आरोप आधी घेतो, कारण चौघांत तोच एक शहाण्या माणसाचा आहे. नदी, तळं, कालवा यांत दर वर्षी पोरं बुडतात, हे खरं आहे. म्हणून पोराला पाण्याजवळ जाऊ देऊ नये, असं टपरीचं म्हणणं. आणि म्हणून पोराला पाणी शिकवावं, असं माझं. आमच्या लहानपणी कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकलत. पोहता येत नाही त्याच्या हातात गळ द्यायचा नाही, हा माझा पहिला नियम. भाच्याला आदल्या उन्हाळ्यात पोहायला शिकवलं, मग यंदा काठी दिली. एकट्यानं जायचं नाही, हा दुसरा. पूर आला असेल तर काठावरसुद्धा उभं राहायचं नाही, हा तिसरा. आणि इसापूरच्या कालव्याला चक्री सुटलेली असताना त्याच्या उतारावर पाय ठेवायचा नाही, हा चौथा. कारण अस्तर केलेल्या उतारावर पाय घसरला की धरायला काही नसतं. ही चार वाक्यं ज्या पोराला पाठ आहेत ते पोरगं मोबाईलवर बुडण्याचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरापेक्षा सुरक्षित आहे.

हिंसेचा आरोप. आमचा मुलूख नामदेवांचा. नर्सी याच कयाधूच्या काठावर आहे. ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी मला बोल लावावा, मी खाली मान घालून ऐकून घेईन. त्यांच्यापुढे गळ मिरवायची माझी छाती नाही. पण टपरीवर माझ्यावर खटला चालवणाऱ्या पाच जणांपैकी चार जणांच्या हातात रविवारी काळी पिशवी असते. पिशवी काळी अशासाठी, की आत काय आहे ते पिशवीलासुद्धा दिसू नये. यांचा आक्षेप जीव घेण्याला नाही, जीव जाताना पाहण्याला आहे. भाच्यानं तो मासा हातात धरला, त्याचं तडफडणं पाहिलं आणि मला विचारलं, 'लवकर कसं मारायचं?' बाबांनी दाखवलं, त्यानं केलं, आणि नंतर बराच वेळ तो पाण्यात हात धूत बसला. ज्याला खायचं आहे त्यानं एवढं एकदा तरी करावं. त्यानंतर तो एक तर खाणं सोडील, नाही तर ताटात टाकणं सोडील. दोन्हीत जिवांचा फायदाच आहे.

आता 'आपल्यात नसलेला धंदा'. हा आरोप करणाऱ्यानं 'आपल्यात' हा शब्द असा उच्चारला, की जणू कयाधूचा सातबारा त्याच्याच नावावर. ज्यांच्या खांद्यावरून आपल्या पणज्यांचे मेणे गेले आणि ज्यांच्या जाळ्यातून आपल्या कालवणाला चव आली, त्यांच्याकडून शिकायला मात्र आपल्याला लाज वाटते. आणि संस्कृतीचाच दाखला हवा असेल तर तोही देतो. आपल्या या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११२९ च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर अध्याय. त्यात राज्यकारभार आहे, वैद्यक आहे, गाणं आहे, स्वयंपाक आहे आणि 'मत्स्यविनोद' नावाचा, गळानं मासे धरण्यावरचा अध्यायही आहे. पस्तीसेक जातींचे मासे, कुठला नदीतला, कुठला समुद्रातला, कुणाला कसलं खाद्य टाकायचं, काठी कशी, दोर कसा, गळ कसा, सगळं आहे. इंग्रजांना आपल्या आयझॅक वॉल्टनच्या 'द कम्प्लीट अँगलर' या पुस्तकाचा फार अभिमान. ते आलं १६५३ साली. म्हणजे आमचा राजा गांडुळात हात घालून बसला, त्यानंतर पाचशे वर्षांनी! ज्या उद्योगात चक्रवर्ती राजाला कमीपणा वाटला नाही, तो तालुक्याच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक होऊ घातलेल्या घराण्याला कमीपणाचा वाटतो. याला काय म्हणावं!

राहिला वेळ. हा आरोप सगळ्यांत शेवटी ठेवला, कारण त्याच्या पोटात बाकी सगळे आहेत. भाच्याचे त्या दिवशी पाच तास गेले आणि हाती आली एक चिलापी. दाजींच्या हिशेबानं पाच तासांत दीडशे प्रश्न सुटले असते. बरोबर आहे. पण दीडशे प्रश्न सोडवताना प्रत्येकाचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं असतं. पाण्याला मागचं पान नाही. आत मासा आहे की नाही, असला तर भुकेला आहे की नाही, भुकेला असला तर तुमच्याच गांडुळावर त्याचा जीव आहे की नाही, यातलं काहीच कळत नाही आणि तरी काठी स्थिर धरावी लागते. उद्या हे पोरगं डॉक्टर होवो, शेती करो की दुकान टाको, त्याचं निम्मं आयुष्य असंच, उत्तर माहीत नसताना हात स्थिर ठेवण्यात जाणार आहे. त्याचा सराव त्यानं कुठल्या क्लासात करावा?

माशांचंच एक उदाहरण देतो. रोहू, कतला, मृगळ हे मूळचे वाहत्या नदीचे मासे. तळ्यात सोडले तर खाऊनपिऊन वाढतात, वजनदार होतात, पण तिथं अंडी घालत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून साचलेल्या पाण्यातही त्यांची अंडी मिळवून दाखवली. फार मोठं काम. त्याची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज धरणातळ्यांत सोडलं जाणारं मत्स्यबीज त्या शोधाच्या पुण्याईवर तयार होतं आणि हजारो भोयांच्या चुली त्यावर पेटतात. पण चौधरींनी ते माशांसाठी केलं होतं. आपण पोरांना तळ्यात कोंडून, वाहतं पाणी बंद करून, इंजेक्शनावर इंजेक्शन देतो आहोत आणि वजन वाढलं म्हणून मोबाईलवर रँक दाखवत फिरतो आहोत.

आणि आमच्या नदीचं नाव काय? कयाधू! प्रल्हादाच्या आईचं नाव तेच. हिरण्यकश्यपूनं पोराला साधी शाळा नव्हती लावली. शुक्राचार्यांचे दोन चिरंजीव, शंड आणि अमर्क, असे दोन खास मास्तर नेमले होते. अभ्यासक्रम बापानं ठरवलेला, उत्तर बापानं ठरवलेलं, आणि पोरगं दर वेळी पेपरात वेगळंच लिहून येई. बापानं फी बुडाल्याचा राग खांबावर काढला. पुढचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या गावावरून कयाधू वाहते त्यांनी तरी ही गोष्ट विसरू नये.

आता माझा आरोप. गळ घेऊन पाच तास बसणाऱ्याला जी टपरी रिकामटेकडा म्हणते, ती टपरी आणखी एका माणसाला हुशार म्हणते. हा माणूस विहीर खणायला आणलेल्या जिलेटिनच्या कांड्या डोहात टाकतो. किंवा विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतो. किंवा ब्लीचिंग पावडर ओततो. पाच मिनिटांत पोतंभर मासे पांढरं पोट वर करून तरंगतात. मोठे तो नेतो, बोटाएवढे तिथंच सडतात, आणि पुढची दोन वर्षं त्या डोहात बेडूकही ओरडत नाही. कधी त्या माणसाचा हात जातो, कधी माणूसच जातो. स्फोटकानं आणि विषानं मासे मारणं इंग्रजांनी १८९७ साली कायद्यानं गुन्हा ठरवलं. आम्ही तेव्हा निजामाकडे होतो हे खरं. पण १९४८ च्या १७ सप्टेंबरपासून ती सबबही संपली. तरी टपरीवर कौतुक काय? 'गडी हुशार हाय. पाच मिनिटांत पोतं भरलं.'

माझा आरोप असा, की भाच्याचा बाप, क्लासवाला आणि हा जिलेटिनवाला एकाच शाळेत शिकलेले आहेत. तिघांनाही वाट बघायची नाही. तिघांनाही पोतं मोजायचं आहे. डोहात मागं काय उरलं, हे तिघांपैकी एकानंही वाकून पाहिलेलं नाही. फरक एवढाच, की जिलेटिनवाला दुसऱ्याच्या डोहात कांडी टाकतो.

गळवाल्याला हे परवडत नाही. त्याला उद्या पुन्हा त्याच डोहावर यायचं असतं, म्हणून तो आपोआप नियम पाळायला लागतो. भोईबाबांनी भाच्याला त्या एका सकाळी जे सांगितलं ते मी इथं लिहून ठेवतो. मरळीचे आईबाप पिलांची राखण करतात. तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर दिसला की तिथं गळ टाकायचा नाही. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा त्यांची पोटं अंड्यांनी भरलेली असतात. काठ्या घेऊन घोटाभर पाण्यात उतरणाऱ्यांच्यात आपण जायचं नाही. बोटाएवढा मासा लागला तर हात ओला करून धरायचा आणि परत सोडायचा. चिलापी मात्र खुशाल न्यावी. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली, तोंडात पिलं सांभाळून अशी वाढते की इथल्या माशांना जागा उरत नाही. आणि ज्या तळ्याचा ठेका भोयांच्या सोसायटीनं घेतला आहे तिथं विचारल्याशिवाय काठी काढायची नाही. आपली गंमत ही त्यांची भाकरी आहे. नागरिकशास्त्राचा तास मी तीस वर्षं घेतला, पण एवढं नागरिकशास्त्र एका बैठकीत कधी शिकवता आलं नाही.

दाजींना मी उलट फोन केला नाही. बहिणीनं मात्र परत जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, 'दादा, तो काही बोलला का रे तुझ्याशी?' मी म्हटलं, 'रविवारचं मटण बुधवारी करत जा.' ती माझ्याकडे बघत राहिली. बाकीचं तिला भाच्यानंच सांगावं. पण त्यासाठी तिनं त्याच्या शेजारी बसायला हवं, समोर नव्हे. नांदेडला गोदावरी आहे. काठ चांगला रुंद आहे.

तेव्हा पालकांना माझं जाहीर सांगणं आहे. पोरगं तेरा-चौदाचं झालं, पोहता येऊ लागलं, की वर्षातला एक रविवार त्याच्यासाठी काढा आणि त्याला गळ हातात देऊन नदीवर न्या. बांबू, तंगूस, गळ, शिसं सगळं मिळून जो खर्च येतो तेवढ्यात क्लासवाला तुम्हाला माहितीपत्रकसुद्धा देणार नाही. मासा मिळेलच अशी हमी नाही. न मिळाला तर आणखी एक रविवार काढावा. गांडुळं आमच्या परसात केळीच्या बुडाशी भरपूर आहेत. बाळापूरच्या स्टँडवर उतरून मास्तरांचं घर विचारलं तर कुणीही दाखवील आणि वर माझ्याबद्दलचं आपलं मतही सांगेल. मत तिथंच सोडून यावं. मोबाईल घरी ठेवून यावा. पोराचा ठेवला नाही तरी चालेल, बापाचा मात्र नक्की ठेवावा.